निळ्या काठाचं ताट

बाहेरगावची माणसं गाडीची काच खाली करून विचारतात, "इथं चांगलं जेवायला कुठं मिळतं हो?" मी इथंच, अमेरिकेच्या दक्षिणेत, चार्ल्सटनमध्ये जन्मले. पूर्वेकडच्या आम्हा काळ्या लोकांच्या गल्ल्यांत घरं खाली करून घ्यायला आलेल्यांशी भांडण्यात माझे केस पिकले. पण या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी हात दाखवते आणि सांगते, बंदराकडे जा, तिकडं पाट्या लावल्यात. पाटी बघून आत शिरलं की पोट भरतं, तेवढं नक्की. जेवायची जागा एकच होती, तिला कधी पाटी नव्हती आणि ती आता नाही.

ती जागा म्हणजे ओझेला मॅनिगो हिच्या घराची पुढची खोली. सगळी तिला मिस झेला म्हणत, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. खोलीत पाच टेबलं, एकीसारखी दुसरी खुर्ची नाही, आणि मागं स्वयंपाकघर. आत येणारा विचारायचा, "आज काय आहे?"

"भूक आहे का?"

"आहे."

"मग बस."

एवढंच तिचं मेनूकार्ड. भेंडीचं सार असेल, तळलेला मासा असेल, नाहीतर खेकडे. लाल भात मात्र रोज. टोमॅटो, कांदा, धुरी दिलेलं सॉसेज, त्यात तांदूळ, आणि वर झाकण. ते झाकण तिच्याशिवाय कोणी उचलायचं नाही. भात शिजल्यावर काट्यानं अलगद मोकळा करायचा. कोणी चमचा घेऊन पुढं झालं की हातावर फटका बसलाच. "चमच्यानं ढवळायची ती लापशी," ती म्हणायची, "आजारी आहेस का? नाही ना? मग हो बाजूला."

अंगानं उंच, दंड जाडजूड, आवाज मात्र हळू. मी तिच्या बरोबर उलट. शाळा मी आठवीत सोडली आणि कायदा शिकले तो लोकांच्या दारांवर चिकटवलेल्या नोटिसा वाचून. कुठंतरी भांडून, घसा बसवून मी तिच्याकडे यायची. मला बघितलं की ती म्हणायची, "आली भांडकुदळ. आज कोणाचं डोकं खाल्लंस?"

"म्युनिसिपालटीचं."

"मग पोट भरलेलं असेल. चहा तेवढा घे."

आणि ताट भरूनच आणायची.

गल्लीत कोणी गेलं, की कब्रस्तानातून सगळे थेट तिच्या दारात. आमंत्रण नाही, निरोप नाही. मोठं पातेलं त्या दिवशी पहाटेच चढलेलं असे. काळ्या कपड्यांतली माणसं पायऱ्यांवर, कठड्यावर, जागा मिळेल तिथं बसून लाल भात खात. "मेलेल्याला मातीत ठेवलं की जित्याला भूक लागते. त्यात लाजायचं काय?" ती म्हणायची. माझ्या आईला ठेवून आलो तेव्हा मी जेवणार नाही म्हणाले होते. तिनं माझ्या हातात काटा दिला. मी दोनदा भात मागून घेतला.

आमच्यात माणूस गेला की तो शेवटचं ज्यात जेवला, ज्यातून प्याला, ते भांडं त्याच्या थडग्यावर ठेवतात. फोडून ठेवतात. अख्खं ठेवलं तर तो जेवायला घरी परत येतो आणि जाताना सोबतीला कोणाला तरी घेऊन जातो. माझ्या आईच्या डोक्याशी तिचा चहाचा कप आहे, दोन तुकडे केलेला. एकदा एका बागकाम करणाऱ्या साहेबानं आमच्या कब्रस्तानातल्या कपबशांना कचरा म्हटलं होतं. तो पुन्हा म्हणाला नाही.

मिस झेलाच्या गॅसच्या चुलीच्या वर एक फळी होती. तिच्यावर एक चिनी मातीचं ताट पालथं घातलेलं असे. पांढरं, निळ्या काठाचं, एका जागी टवका उडालेला. ते तिच्या नवऱ्याचं, थॅडियसचं. कोलंबीच्या बोटीवर जायचा तो. एका पहाटे मक्याच्या कण्या आणि कोलंबी त्याच ताटात खाऊन गेला. वादळ आलं. बोट सापडली, बरोबरची दोन माणसं सापडली, थॅड सापडला नाही.

आमच्या देवळातली, चर्चमधली, वडीलधारी मंडळी तिच्याकडे आली. नावाचा दगड उभा करू म्हणाली, आणि ताट फोडून घेऊ. ती तेव्हा ऐन तिशीतली. म्हणाली, "आधी माणूस आणा. मग फोडते."

माणूस कोण आणणार? ताट फळीवर राहिलं. बायका कुजबुजायच्या, झेला ताट अख्खं ठेवून बसलीय, तो येईल आणि कोणालातरी नेईल. तिच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाली, "येऊ दे की. त्याला नेण्यासारखी घरात मीच आहे."

रोज दुपारी ती त्या ताटावरून कोरडं फडकं फिरवायची. पाणी कधी लावलं नाही. गुडघे धरायला लागले तेव्हा एकदा तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. फळीकडे हनुवटी केली.

"मी गेले की आधी ते फोडायचं, मग माझं. एकाच दगडावर दोघांचं नाव. त्याला वेगळी जागा कुठून आणणार, आणि तो काय येणाराय जागा बघायला."

"मीच का? व्हर्लीन आहे ना, तुमची भाची?"

"व्हर्लीन रडेल आणि फोडायची राहील. तू फोडशील. तुला फोडाफोडीची सवय आहे."

मी हो म्हणाले. एवढ्या एका गोष्टीवर ती म्हातारी झोप घेत होती, हे मला तेव्हापासून माहीत होतं.

मग तो कॅमेरेवाला आला. शहरोशहरी जेवत फिरायचं आणि कुठं जेवावं ते लोकांना दाखवायचं, हा त्याचा धंदा. माणूस वाईट नव्हता. लाल भात खाल्ला, डोळे मिटले, आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, या शहरात एकच जागा, ती ही. झालं. पंधरवड्यात गल्लीत रांग लागली. उन्हाच्या टोप्या, उघडे गुडघे, हातात फोन. गोदीवरून जेवायला येणारी आमची माणसं कोपऱ्यावर थांबून रांगेकडे बघायची आणि दुकानातला पाव घेऊन परत जायची. आमचे डीकन ऑगस्टस, देवळाचं बघणारे, ऐंशीच्या घरातले. ते एकदा रांगेत उभे राहिले. पुढच्या बाईनं त्यांना विचारलं, "तुम्ही पहिल्यांदाच येताय का?"

डीकन म्हणाले, "हो बाई. रांग लावून पहिल्यांदाच."

मी चिडले. मिस झेलाला म्हटलं, मागच्या दारानं आपल्या लोकांना आधी वाढा, आणि पुढचे राहू देत उभे.

"उन्हात उभा आहे तोही उपाशीच आहे, ओडेसा."

"उपाशी? ते हॉटेलात नाश्ता करून आलेत."

"मग त्यांना विचार, पोट का भरलं नाही. मला पातेलं उतरवू दे."

तो शनिवार होता. मी भांडी घासायला उभी होते, कारण घासायला कोणी उरलं नव्हतं. व्हर्लीन पुढच्या खोलीतून ओरडत होती, "ताट द्या, मावशी, ताट." ताटं संपत होती, मी घासून देत होते, ती ओलीच बाहेर जात होती. मिस झेला एका हातानं मासा उलटत होती आणि दुसऱ्या हातानं भात वाढत होती. कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं.

उष्ट्या ताटांची चळत माझ्यापुढं आली. वरची दोन मी घासली. तिसरं उचललं आणि त्यावरचे माशाचे काटे खरवडताना मला खालून निळा काठ दिसला. टवका उडालेला.

माझा हात थांबला. मी वर फळीकडे बघितलं. फळी रिकामी होती.

मिस झेलानं माझ्या पाठीकडे बघून ओळखलं असणार. गॅस तसाच ठेवून ती आली. माझ्या हातातलं ताट बघितलं. माशाचे काटे, थोडा भात, लिंबाची फोड.

"कोणी काढलं ते?" मी व्हर्लीनवर आवाज चढवला.

"मी," मिस झेला म्हणाली. "हात वर गेला. माझाच गेला."

तिनं एप्रनला हात पुसले आणि पुढच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिनं व्हर्लीनला विचारलं, लिंबू कोणी मागितलं होतं? व्हर्लीननं दाराकडे बोट केलं. पायऱ्यांवर पिवळ्या टोपीचा एक गोरा म्हातारा बायकोचा हात धरून उतरत होता. मिस झेलाला बघून त्यानं टोपी काढली.

"बाई, आयुष्यात असा भात खाल्ला नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. मी बोलणार होते, तिनं माझं मनगट धरलं.

"पोट भरलं का?" तिनं विचारलं.

"अगदी भरलं."

"बरं."

ती आत आली, गॅस बंद केला आणि रांगेला सांगायला लावलं की आज संपलं. पातेलं अर्धं भरलेलं होतं.

डीकन संध्याकाळी आले. म्हणाले, मिठाच्या पाण्यानं धू आणि ठेव परत, देवाला सगळं समजतं.

"देवाला समजेल हो," ती म्हणाली. "थॅडला नाही समजायचं. तो शेवटचा ज्यात जेवला ते ताट होतं. आता दुसराच कोणी शेवटचा जेवला. ते त्या पिवळ्या टोपीवाल्याचं झालं. त्याच्या थडग्यावर जाईल फार तर."

मला राहवेना. "मिस झेला, ताट आहे ते. माती आहे. फोडायचं तेव्हा मी तेच फोडेन, कोणाला कळणार आहे?"

"तू घरी जा," ती म्हणाली.

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. जेवण बंद. दार बंद. रांग आठवडाभर येत राहिली, मग दुसरीकडे वळली. रांगेला काय, जेवायची एक जागा हवी होती. मी म्हणाले त्यात मला तेव्हाही काही चुकीचं वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही. पण मी माणसांसाठी भांडते. पाण्यात हरवलेल्या माणसाची बाजू कशी मांडायची, ते मला कोणत्या नोटिशीनं शिकवलं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्याचं म्हणून तिच्याकडे एवढंच राहिलं होतं. थडगं नाही, हाड नाही. आता तेही नाही.

मग एक दिवस व्हर्लीन बोलवायला आली. मी गेले. मिस झेला पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून जेवत होती. तिला बसून जेवताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. समोर निळ्या काठाचं ताट, आणि त्यात कण्या.

"बस," ती म्हणाली. "तोंड मिट. माशी जाईल."

मी बसले.

"लग्न झालं तेव्हा आमच्याकडे ताट एकच होतं. हेच. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी. तो भराभर खायचा, मी रेघ ओढायची काट्यानं, याच्या पलीकडे यायचं नाही म्हणून. यायचाच." तिनं घास घेतला. "मी विसरूनच गेले होते. त्याचं त्याचं म्हणत बसले. अर्धं माझंच होतं की."

तिनं ताट जवळ ओढलं.

"आता रोज यातच जेवते. परक्याचं उष्टं मी जेवून जेवून घालवते. मी गेले की एकच फोडायचं. पण बघ हं, भांडकुदळे, माझा शेवटचा घास यातलाच पाहिजे. दुसऱ्या कशातला गेला तर सगळं फुकट."

"आणि मी तिथं नसले तर?"

"असशील. नको तिथं असतेस, तर हवं तिथं नाही असणार?"

त्याच हिवाळ्यात घर विकलं गेलं. घर तिचं नव्हतं, भाड्याचं होतं, आणि रांग लागलेली गल्ली मालकाच्या डोळ्यांत भरली होती. मी कोर्टात गेले, म्युनिसिपालटीच्या पायऱ्यांवर बसले, दोनदा पोलिसांनी मला उचलून बाजूला ठेवलं. मिस झेला म्हणाली, "पुरे कर. तुझी कंबर दुखेल." उत्तरेला मोठ्या रस्त्याच्या कडेला तिला दोन खोल्या मिळाल्या, विजेच्या शेगडीच्या. बसमधून गेलो तेव्हा सामान व्हर्लीनच्या हातात होतं. मिस झेलाच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं ताट. विजेच्या शेगडीवर तिचा भात खाली लागायचा. "हिला आच म्हणजे काय तेच ठाऊक नाही," ती म्हणायची, आणि तोच भात खायची.

वसंतात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या प्लास्टिकच्या ट्रेला ती तोंड लावेना. डॉक्टर मला म्हणाले, समजवा. मी डॉक्टरांना समजावलं. रोज दुपारी ताट घेऊन जायची, दोन घास भरवायची, ताट धुऊन पिशवीत परत. नर्सबायका हसायच्या. हसू देत.

एका सकाळी मला भाडेकरूंच्या बैठकीला जायचं होतं. का कोण जाणे, आधी दवाखान्यात गेले. तिचा श्वास वर लागला होता. पलंगाशेजारी कागदी वाटीत केशरी रंगाची जेली, अर्धी संपलेली, आणि तिच्या ओठाच्या कडेला तोच केशरी रंग. नवीन नर्सनं भरवली होती, बिचारीला कोणी सांगितलं नव्हतं.

मिस झेला माझ्याकडे बघत होती. बोलायला दम पुरत नव्हता, पण बघणं साधं नव्हतं.

घरी मी रात्रीचा भात झाकून ठेवला होता, लाल भात, मीच केलेला. धावत गेले, धावत आले. तोवर दारावर पाटी लागली होती की तोंडानं काही द्यायचं नाही. नर्स आडवी आली. वेगळीच, मोठ्या वयाची.

"आता गिळता येत नाही त्यांना. ठसका लागेल."

देवाशपथ, मी भांडले नाही. मी पिशवीतून ताट काढलं. तिनं ते बघितलं, टवका बघितला, मग मला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"पूर्वेकडची. त्याही."

"मी जॉन्स बेटावरची. माझ्या आजीच्या थडग्यावर तिचा पेला आहे." तिनं दार अर्धं लोटलं. "भात नाही. नुसतं त्याचं पाणी, चमच्याच्या टोकानं. मी धरते त्यांचं डोकं."

भातावर गरम पाणी घालून मी ते ताटात कालवलं. चमच्याच्या टोकावर जेवढं राहिलं तेवढं तिच्या ओठांना लावलं. जीभ बाहेर आली. तिनं चाखलं. श्वास गोळा करून म्हणाली, "ढवळलास." माझ्याकडे न बघताच म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "चुकलं."

त्यानंतर तिच्या ओठांना आम्ही काही लागू दिलं नाही, पाण्याचा बोळासुद्धा नाही. दुपारी ती गेली.

कब्रस्तानात दगडावर दोन नावं कोरलेली होती. मी ताट दगडाच्या कडेवर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा आपटलं. डीकन मागून म्हणाले, "झेलानं स्वस्तातलं कधी घेतलं नाही." रडणाऱ्या बायका हसल्या, आणि हसता हसता परत रडायला लागल्या. तिसऱ्यांदा मी ते दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं. सरळ मधून दुभंगलं. निळ्या काठाचे दोन अर्धे. एक तिच्या नावाखाली ठेवला, एक त्याच्या.

मग आम्ही निघालो. व्हर्लीननं देवळाच्या सभागृहात दुकानातून मागवलेलं जेवण ठेवलं होतं, तसं सगळ्यांना सांगितलंही होतं. सगळ्यांनी ऐकलंही होतं. पुढं डीकन काठी टेकत, मागं आम्ही पन्नास-साठ माणसं, काळ्या कपड्यांत, बोलत, नाक पुसत चाललो होतो. कोपरा वळलो आणि डीकन थांबले म्हणून सगळे थांबले. तेव्हा लक्षात आलं की आपण सभागृहाकडे आलोच नाही. आपण तिच्या पायऱ्यांसमोर उभे आहोत.

दाराला नवा राखाडी रंग होता. आत कोणी राहत नव्हतं. खिडकीतून आत फळी दिसत नव्हती, चूलही नाही, नुसत्या पांढऱ्या भिंती.

कोणी कोणाची चूक काढली नाही. डीकननी टोपी काढली, खालच्या पायरीवर रुमाल पसरला आणि सावकाश बसले. त्यांच्या बाजूला व्हर्लीन बसली. मग एकेक करून बाकीचे, पायऱ्यांवर, कठड्यावर, जिथं जो नेहमी बसायचा तिथं.

डीकन मला म्हणाले, "ओडेसा, भूक लागलीय गं."

"मलाही," मी म्हणाले.

कोणीच उठलं नाही.